तुंब्यातलं पाणी

ते पाणी मी प्यायला हवं होतं. मी माझ्या माणसाला प्यायला लावलं.

पटकीची साथ होती. एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावांत लस टोचत आम्ही तिघं हिंडत होतो. मी मुख्य, हाताखाली दोन टोचणारे. दोघंही धास्तावलेले. त्यांना धीर देणं माझं काम. पण पोटात जरा मुरडा आला की मीच चोरून आपली नाडी बघायचो. "आपण टोचून घेतलंय, उकळलेलं पाणी पितो, काही होत नाही," एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणायचो. थोरला टोचणारा हसायचा. "साहेब, हे तुमी आमाले सांगून राह्यले का सोताले?"

त्या गावात घरोघरी आजारी होते. गावच्या म्हाताऱ्या प्रमुखानं रीतीप्रमाणे तुंब्यातून पाणी आणून आमच्यापुढं ठेवलं. आम्ही आपल्या छागलीतलं उकळलेलं पाणी प्यायलो. त्यानं तुंबा परत उचलला. "आमच्या घरचं पाणी तुमाले चालत नाई. मंग तुमची सुई आमाले काऊन चालंल?" मागं बसलेली माणसं उठायला लागली.

गाव लसीवाचून राहिलं असतं. मी थोरल्याकडं पाहिलं आणि 'पी' अशी नुसती मान हलवली. त्यानं तुंब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "द्या इकडं भाऊ, माह्या पोटात गोटेबी पचतात," असं म्हणून तो घटाघटा प्यायला. मग सगळ्यांनी दंड पुढं केले.

परतीच्या वाटेवर थोरल्याला जुलाब-वांत्या सुरू झाल्या. नाला दुथडी भरून चाललेला, दवाखाना पलीकडं, गाडीचे बैल पाण्यात उतरेनात. मिठाची पेज पाजत होतो, ती पोटात ठरत नव्हती. धाकटा सारखा विचारी, "साहेब, आता काय करावं?" मी म्हणे, "पाणी उतरंल." पाणी उतरलं, पण तोवर तो गेला होता.

त्याच्या बायकोला मी सांगितलं, ड्यूटीवर लागण झाली. ते खोटं नव्हतं, म्हणून तर मला इतकी वर्षं त्या वाक्याच्या आडोशाला राहता आलं.

पुढं बदली सिंदेवाहीला झाली. तिचं गाव वाटेवरच. तिथून जाताना सायकल जोरात हाणायचो. एकदा तिनंच हाक मारली. ओट्यावर बसवलं, लोटा पुढं केला. "पाणी घ्या भाऊ, उन्हातून आले."

सगळं पाणी प्यायलो. मग म्हणालो, "बाई, त्या गावचं पाणी तो माझ्या इशाऱ्यावरून प्यायला. मी भ्यालो होतो, म्हणून त्याला पुढं केलं. मला माफ करा."