ढगवाल्या मॅडम

राग आला की ढगवाल्या मॅडम बोलायच्या थांबत. आमचं बाकीचं ऑफिस राग आला की ओरडायचं, फायली आपटायचं, चहावाल्यावर घसरायचं. मॅडम मात्र माऊस हातात घेऊन नकाशावर लाल ढग काढत. पीडीएफमधल्या नकाशात जिथं काही चुकलंय, सुटलंय किंवा कोणी मुद्दाम दडवलंय, त्या जागेभोवती गोल गोल लाल रेघ आणि शेजारी एक प्रश्न. ‘हा बीम कशावर टेकलाय?’ ‘संडासाचं पाणी कुठं जातंय?’ बीडच्या आभाळात ढग दिसायची मारामार आणि यांच्या स्क्रीनवर बारा महिने आभाळ भरलेलं, अशी चेष्टा चालायची. त्यातूनच हे नाव पडलं. खरं नाव रेहाना. पण त्या नावानं हाक मारायची आमच्यात कोणाची हिंमत नव्हती.

बीडमधल्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात आम्ही बरोबर होतो. मी साइटवरचा इंजिनिअर, त्या एस्टिमेटच्या. टेंडर भरण्याआधी नकाशावरून मोजून काढायचं, की या इमारतीला काँक्रीट किती लागेल, विटा किती, फरशी किती. पूर्वी हे काम कागदावर पट्टी लावून चालायचं. आता सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ उघडायची, प्रमाण ठरवायचं आणि माऊसनं कोपऱ्याकोपऱ्यावर टिचक्या मारत जायचं. लांबी-क्षेत्रफळ आपोआप येतं. आपोआप येतं म्हणूनच माणसं डोकं गहाण ठेवतात, असं मॅडमचं मत होतं.

“आधी दार मोज,” हा त्यांचा पहिला धडा. नकाशावर एकास शंभर असं प्रमाण लिहिलेलं असतं. पण कोणीतरी शहाणा मोठा नकाशा लहान कागदावर बसवून छापतो, स्कॅन करतो, व्हॉट्सॲपवर ढकलतो. चित्र आक्रसतं, लिहिलेलं प्रमाण तसंच राहतं. नवा असताना काही दिवस मला त्यांच्या हाताखाली बसवलं होतं. तेव्हा मी चौसाळ्याच्या दुकानांचा नकाशा उघडला, लिहिलेलं प्रमाण घातलं आणि भराभर मोजून मोकळा झालो. मॅडमनी येऊन फक्त एका दाराची रुंदी मोजली.

“विलास, या दुकानात गिऱ्हाईक आडवं व्हून शिरणार हाय का?”

“नकाशावर लिहिलंय ना मॅडम, एकास शंभर.”

“लिहिलंय म्हणून खरं कावून धरतो? दार किती असतंय ते तुला ठाऊक हाय ना? मग आधी ते मोज. ते जुळलं तर पुढं जायचं.”

आणि मग माझी सगळी मेहनत त्यांनी एका बोटानं पुसून टाकली. परत कर म्हणाल्या. मला इतका राग आला होता की मी दुपारचा डबा उघडला नाही.

त्या साध्या-भोळ्या वगैरे अजिबात नव्हत्या. “बीडमधी माझ्यासारखं मोजणारं दुसरं कोणी न्हाई,” हे स्वतःच सांगायच्या, तेही पाहुण्यांसमोर. त्यांच्या माऊसला कोणी हात लावायचा नाही. भावाचा फळांचा गाडा होता. हंगामात सीताफळांची पाटी ऑफिसात यायची, सगळ्यांनी मिटक्या मारत खायची, पण चिकट हातानं कोणी कीबोर्डाला शिवलं तर त्याची धडगत नसे. आता वाटतं, ती सीताफळं त्यांनी रस्त्यावरच्या गाईंना घातली असती तर जास्त सार्थकी लागली असती.

दुसरी सवय रंगांची. भिंतींना गुलाबी, स्लॅबला निळा, फरशीला पिवळा. “मोजलेलं दिसलं पायजे,” असं म्हणत. सगळं मोजून झालं की त्या खुर्ची मागं सरकवायच्या आणि पूर्ण पान एकदम बघायच्या. रंग नसलेली जागा राहिली, की एकतर आपण चुकलो किंवा नकाशा खोटं बोलतोय.

उमापूरच्या मुलींच्या वसतिगृहाच्या नकाशात अशीच एक पांढरी जागा राहिली. इमारत लांबलचक, दोन मजली. आर्किटेक्टच्या नकाशात दोन्ही टोकांना जिने होते. स्ट्रक्चरच्या, म्हणजे लोखंड-काँक्रीटच्या नकाशात मात्र एकाच टोकाला. दुसऱ्या टोकाच्या जिन्याला ना पायऱ्यांचं लोखंड, ना बीम. मॅडमनी ढग काढला. लिहिलं, ‘दुसरा जिना कुठं आहे?’

आमचे मालक आबा. पंचायतीत वजन असलेला माणूस, बोलणं तुपाचं. टेंडर एकरकमी होतं. म्हणजे काय आणि किती लागेल ते ठेकेदारानंच मोजून आकडा द्यायचा. एक जिना कमी धरला की आकडा खाली येतो, आणि ज्याचा आकडा सगळ्यात कमी त्याला काम. आबांनी ढग बघितला आणि हसले.

“मॅडम, जे न्हाई ते आपण कावून दाखवायचं? एकच जिना धरा. उद्या कोणी इचारलं तर स्ट्रक्चरचा नकाशा पुढं करू. तेवढा ढग काढून टाका.”

“वरच्या मजल्यावर पोरी झोपणार हायत, आबा. या टोकाला आग लागली तर त्या टोकाच्या पोरी कुठून उतरणार?”

“लई पुढचं बोलता तुमी. आपण ठेकेदार हाय, त्यांचे मायबाप न्हाई.”

मॅडम गप्प झाल्या. आबांना वाटलं, ऐकलं बाईनं. इतकी वर्षं ज्यांच्या जिवावर टेंडरं भरली, त्यांचा राग कसा असतो हेसुद्धा या गृहस्थाला माहीत नव्हतं.

टेंडरच्या आधी सगळ्या ठेकेदारांची एक बैठक होते. शंका असतील त्या तिथं विचारायच्या. आमच्याकडून नेहमी मॅडमच जात, त्याही वेळी गेल्या, सोबत मी. इकडचे ठेकेदार त्या बैठकीत शंका विचारत नाहीत. बिस्किटं खातात, एकमेकांच्या मुलांची लग्नं जमवतात. आपल्याला सापडलेली चूक दुसऱ्याला कळू द्यायची नाही, ती खिशात ठेवून टेंडर भरायचं, अशी इथली रीत. टेंडर काढणाऱ्या खात्याच्या साहेबांनी उपचार म्हणून विचारलं, काही शंका? मॅडम उठल्या, लॅपटॉपला प्रोजेक्टरची वायर लावली आणि उमापूरचं ते पान भिंतीवर टाकलं. भिंतभर रंग, एका टोकाला पांढरा चौकोन आणि त्याभोवती लाल ढग.

एक शब्द बोलल्या नाहीत. वायर लावून येऊन बसल्या.

साहेबांनी चष्मा पुसला. मागून कोणीतरी म्हणालं, “ही बाई कोणाकडून आलीय बे?” पण भिंतीवरचं आता कोणाला दिसलं नाही असं म्हणता येत नव्हतं. काही दिवसांत शुद्धिपत्रक निघालं. दुसरा जिना नकाशात आला आणि टेंडर दुसऱ्याच ठेकेदाराला मिळालं.

आबांनी त्याच आठवड्यात मॅडमना काढलं. काढलं म्हणायची सोय नाही, कारण त्यांनी निरोप समारंभ केला! शाल, नारळ आणि भाषण. ‘मॅडम आमच्या घरातल्याच होत्या.’ हे ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सीताफळं खाणारी सगळी माणसं माना खाली घालून पेढे चघळत होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “घरातल्या होत्या तर घराबाहेर कावून काढता?” आबांचं तुपाचं बोलणं तिथंच थिजलं. “तुला बी जायचंय का?” असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणणार, एवढ्यात मॅडमनी दंड धरून मला बाहेर आणलं.

“घरी लेकरं हायत तुला. उद्या काय खातेत ती?”

“आणि तुम्ही?”

“माझं मी बघीन. तू ऱ्हा. उद्या इथं दार मोजणारं एक तरी माणूस पायजे.”

मी राहिलो. मला तिथं बसवून त्या एकट्या गेल्या, याचा राग मला त्यांच्यावर अजून आहे.

बीडमध्ये त्यांना कोणी काम दिलं नाही. ‘ती बाई भर बैठकीत ढग दाखवती’ एवढी कीर्ती पुरेशी होती. हल्ली त्या घरी बसून परदेशातल्या एका कंपनीसाठी नकाशे मोजतात. तिथं म्हणे ढग काढला की आभाराची मेल येते. म्हणजे कुठल्या तरी दूरच्या गावातली लेकरं मॅडमच्या नजरेखालून गेलेल्या इमारतीत शिकणार, आणि आमच्या लेकरांना आबांसारख्यांच्या इमारती. हे सांगताना मॅडम हसतात. मला हसू येत नाही.

यंदा माझ्या भाचीला उमापूरच्या त्या वसतिगृहात प्रवेश मिळाला. तिला सोडायला गेलो. वर खोलीत सामान ठेवलं आणि थेट दुसऱ्या टोकाला गेलो. जिना होता. त्याच्या दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप होतं आणि जाळीतून आत बघितलं तर पायऱ्यांवर गाद्यांची थप्पी रचलेली. वॉर्डनबाई म्हणाल्या, “वापरात न्हाई ना तो. पोरी उगीच पळतेत खाली-वर. किल्ली शिपायाकडं असती, तो गावाला गेलाय.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिथूनच मॅडमना फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. वॉर्डनला शिव्या घातल्या, आबांना घातल्या, सबंध जिल्ह्याला घातल्या. तिकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं, फोन कटला.

“मॅडम?”

“पोरी आता वरच हायत का?”

“हो.”

“मग मला फोन कावून करत बसलास?”

त्यांनी फोन ठेवला. मी खाली जाऊन गाडीतला जॅक-पाना आणला आणि कुलूप तोडलं. वॉर्डनबाई तक्रार करते म्हणाल्या, मी त्यांना माझं नाव आणि नंबर लिहून दिला. गाद्या खाली उतरवायला भाची आली, मग तिच्या खोलीतल्या मुली आल्या, मग बाकीच्या. शेवटची गादी निघाल्यावर त्या सगळ्या त्या जिन्यानं धडाधडा खाली पळत गेल्या आणि पलीकडच्या जिन्यानं पुन्हा वर आल्या.