बायकांच्या बराकीतला पेपर

ड्युटी संपली की गेटवर आम्हा मेट्रनचीही झडती व्हायची. किस्से तेवढे झडतीत सापडत नाहीत, म्हणून बुलढाण्याच्या जेलमधले माझ्याकडे ढिगाने साठलेत!

बराकीत सहा बायका. वाचता एकीलाही येत नव्हतं, त्यामुळे दुपारी पेपर मीच वाचून दाखवायची. कैद्यांच्या खटल्याची बातमी असली की जेलरसाहेब ती आधीच कात्रीने कापून घ्यायचे.

एकदा पेपरला हे मोठं भोक! उंद्रीच्या काशीनं त्यात बोट घातलं. "माह्याच खटल्याचं असन हे!" मग सहाही जणी रडायला लागल्या. भाकरी तशाच राहिल्या.

संध्याकाळी कळलं, जेलरसाहेबांच्या बायकोनं स्वेटरचं डिझाईन कापलं होतं!

*

काशीला भेटीत चिवडा आला. पुडीच्या कागदावर छापलेलं, 'उंद्रीत पूर, घरे पाण्यात'. मी वाचलं मात्र, काशीनं ऊर बडवून घेतला. मग मी तारीख पाहिली, तर पेपर दोन वर्षांपूर्वीचा.

काशी डोळे पुसत म्हणाली, "अवं, तवा तर मी घरीच होती!"

*

भिंतीपलीकडे ऑफिसात रेडिओ होता. एक दिवस तो मध्येच बंद पडला. म्हातारी गंगूबाई भिंतीला कान लावून बसली. "बोलनारे काऊन गप झाले? लढाई लागली का?"

तासाभराने नवी बॅटरी घातली. शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू होता, ज्वारीवर कीड पडल्याचं सांगत होते.

गंगूबाईनं हात जोडले. "कीडच पडली ना? बरं झालं बाई!"

*

त्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. पेपरात रोज गावांची यादी यायची. सखूची तीन वर्षांची सुमी साखरखेर्ड्याला भावजयीकडे होती. सखू रोज एवढंच विचारायची, "बाई, साखरखेर्डा हाय का त्याच्यात?"

"नाही गं," मी म्हणायची. तेव्हा कुठे ती जेवायला बसायची.

एक दिवस मेहकरच्या पाण्याच्या टाकीची बातमी संपवून यादीवर आले, तर तिच्यात साखरखेर्डा. दोन मृत्यू. एक म्हातारा, एक तीन वर्षांची मुलगी. नावं नव्हती. मी घाईघाईने समोर दिसली ती बातमी वाचली, मग उरलेल्या गावांची नावं, मग आणखी काहीबाही, आणि पेपर घडी करून काखेत मारला.

"साखरखेर्डा नाही बरं का सखू!"

सखूनं ताट पुढे घेतलं नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"बाई, मेहकरची टाकी तुम्ही आज दोनदा वाचली."