डॅनियलचा डावा कान

हे आजवर कुणाच्या कानावर गेलेलं नाही. बायकोच्या नाही, मुलांच्या नाही. एकदा बोललो होतो खरा — पण त्याला सांगणं म्हणायचं का? ते शेवटी येईलच.

सत्तर सालानंतरची दोन-चार वर्षं. मी दुधनीहून सोलापूरला डॉक्टरकी शिकायला आलो आणि हॉस्टेलच्या खोलीत माझा पार्टनर निघाला केनियाचा डॅनियल. उंच, काळाकुळकुळीत, मनमोकळा. रस्त्यात पोरं "ए राक्षस!" म्हणून त्याला खडे मारायची. मेसचा आचारी त्याचं ताट वेगळं ठेवायचा. आणि मी? मी हसायचो. वर मिरवायचोही — बघा, माझा पार्टनर फॉरेनचा!

गंमत म्हणून मीच त्याला अलाबला घ्यायला शिकवलं. आपल्या बायका लेकराच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडतात ना — ते. "आमच्यात लेकरू दिसलं की पुरुषानंसुद्धा हे करायचंच," असं ठोकून दिलं. तो बोटं मोडायला लागला की आमची हसून मुरकुंडी वळायची. त्याला वाटायचं, लोकांना आवडतंय. लई भाबडा होता हो.

त्या थंडीत पोरं पळवणारी टोळी आलीय अशी हूल उठली होती. आम्ही दोघं होटगीला एका मित्राच्या शेतात हुरडा खाऊन परत निघालो होतो. स्टेशनवर मी तिकिटं काढायला गेलो, डॅनियल बाकावर बसला. शेजारी एक बाई, कडेवर लेकरू. त्यानं काय केलं ते मी पाहिलं नाही — पण मला ते कुणी सांगायला हवं का?

"अगं बया! पोरावर करणी करतोय ह्यो काळा!" बाई किंचाळली.

मी पोचेस्तोवर माणसं त्याच्यावर तुटून पडली होती. काठ्या, चपला, लाथा. ओठ फाटला, शर्ट रक्तानं भिजला. एक जण त्याच्या छातीवर पाय देऊन उभा. आणि तो — आडवा पडूनसुद्धा दोन्ही हात कानशिलाला नेऊन बोटं मोडून दाखवत होता. आपण काय केलं, ते समजवायला! लोक आणखीच पिसाळले.

मग त्यानं मला बघितलं. "माधव, सांग ना!" मराठीत ओरडला तो.

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. एक काठीवाला पुढं आला. "तुमच्या संगं हाय व्हय ह्यो?"

'व्हय' म्हणायचं होतं. एवढंच.

मी म्हणालो, "न्हाय."

"मग बगत काय हुबा ऱ्हायलाय? हाण की!"

आणि मी हाणली. त्याच्या डाव्या कानफटात, सगळा जोर लावून. जिवाची भीती होती? होती. पण नुसती भीती नव्हती. हात बसला तेव्हा — क्षणभर — बरं वाटलं मला. इतकी वर्षं दाबून ठेवलंय ते हे.

स्टेशनमास्तरांनी त्याला कसंबसं ओढून आपल्या खोलीत कोंडलं, म्हणून तो जगला. बाकीच्या जखमा भरल्या. डावा कान कायमचा गेला. सगळे म्हणाले, काठी लागली असणार. डॅनियल काहीच म्हणाला नाही. खोलीही बदलली नाही. फक्त कुणी बोलायला आलं की उजवा कान पुढं करायचा, आणि स्टेथोस्कोप लावला की बराच वेळ डोळे मिटून बसायचा.

एका दुपारी तो टेबलाशी वाचत बसला होता. मी त्याच्याजवळ गेलो, वाकलो आणि कुजबुजत सगळं बोलून टाकलं — शिकवलेली थट्टा, ते 'न्हाय', ती थप्पड, ते बरं वाटणंसुद्धा. त्यानं पुस्तकातून मान वर केली नाही.

मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो. मुद्दामच.