सतराशेला न गेलेली मोटारसायकल

माझे यजमान मोताळ्याला शाळेत मास्तर होते आणि त्यांचा जीव एका जुन्या मोटारसायकलवर होता. एका कंत्राटदाराकडून त्यांनी ती चौदाशेला घेतली होती. लग्नानंतर चार वर्षांनी मला बुलढाण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला प्रवेश मिळाला. फी आणि खोलीचं भाडं कुठून आणायचं, हा प्रश्न मी तोंडातून काढायच्या आधीच ते म्हणाले, "गाडी विकू."

किंमत त्यांनीच ठरवली. चौदाशे खरेदीचे आणि तीनशे आजवरच्या दुरुस्तीचे, म्हणजे सतराशे. बाजाराच्या दिवशी गाडी पुसून दारात उभी केली. कापसाच्या जिनिंगमधला एक कारकून आला, चहा प्याला, सांगतो म्हणून गेला. नांदुऱ्याचा एक धान्यवाला किंमत ऐकून बसलासुद्धा नाही. असे चार बाजार गेले. फी भरायला तीन आठवडे उरले होते आणि यजमान म्हणत होते, लोकांना पारख नाही.

मग मीच एस.टी.नं नांदुऱ्याला गेले. आमची गाडी नेहमी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचाचांचं दुकान स्टेशनजवळ होतं. बाईमाणूस एकटी आलेली पाहून त्यांनी स्टूल पुसून दिलं. मी विचारलं, आमची गाडी तुम्ही घेतली असती तर काय दिलं असतं?

ते म्हणाले, "हजाराच्या वर एक रुपया नाही. मागचा टायर गेला, चेन ढिली झाली, थंडीत गाडी लवकर चालू होत नाही. मास्तरनं जे लावलं ते गाडीनं खाल्लं, बाई. घेणाऱ्याले त्याचं काय?"

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा यजमान ताटावरून उठले. मला न विचारता गेलीस काऊन, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते, ते गाडीपाशी उकिडवे बसले होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "अजून काय म्हणाला तो?"

मी सांगितलं तसं त्यांनी सगळं एका कागदावर लिहिलं. शेवटी स्वतःहून एक ओळ वाढवली: हँडल किंचित डावीकडे ओढतं. विचारल्यावर कळलं, मागे एकदा ते गाडीवरून पडले होते आणि ते त्यांनी मला कधी कळू दिलं नव्हतं. त्या ओळीवर मला रागही आला आणि त्यांच्याबद्दल मायाही वाटली.

पुढच्या बाजारी एक बांगडीवाले आले. सायकलीला पेट्या बांधून ते गावोगावचे बाजार करत. यजमानांनी हजार सांगितले आणि लगेच कागद वाचून दाखवला, हँडलसकट. बांगडीवाल्यांनी वाकून मागचा टायर दाबून पाहिला. मला वाटलं, हेही गेले.

"मास्तर, सारं तुम्हीच सांगून टाकलं," ते म्हणाले. "आता मी घासाघीस कशाची करू? टायरचे पन्नास कमी करा, झालं."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दोघं गाडी घेऊन नांदुरा रस्त्यानं एक चक्कर मारून आले. जाताना यजमान चालवत होते, येताना मागे बसले होते. मिळालेले साडेनऊशे रुपये यजमानांनी न मोजताच माझ्या हातात दिले.

गाडी गेल्यावर दाराशी तेलाचा काळा डाग उरला. मी तो घासायला बसले, तर ते म्हणाले, राहू दे, जाईल हळूहळू. मग चहा मागितला आणि बुलढाण्याला खोली कुठल्या बाजूला बघायची ते विचारू लागले.

फी भरली त्या दिवशी ते माझ्याबरोबर आले होते. तिथल्या कारकुनानं रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते माझ्यापुढे केलं आणि म्हणाले, "सही हिची लागते." मी सावकाश, पूर्ण नावानं सही केली.