पाटीवरचा निरोप

वर्ध्यातलं स्टेशनजवळचं जुनं हॉटेल या वर्षी होळीच्या आधी पाडलं. काम आठवडाभर चाललं. सागवानी जिने आधीच विकले गेले होते. भिंती मशीननं पाडल्या.

हॉटेल एका कापूस व्यापाऱ्यानं बांधलं होतं. हंगामात बाहेरगावचे व्यापारी उतरायचे, त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावर उंच छताच्या खोल्या, गॅलरी आणि मच्छरदाणीसाठी पितळी दांड्यांचे पलंग होते. जेवणाच्या दालनाला रंगीत काचांची दारं होती. कापसाचा बाजार उतरला तसे व्यापारी यायचे बंद झाले. मी पाहिलं तेव्हा बहुतेक खोल्यांत दवाखान्यात भरती असलेल्या रोग्यांचे नातेवाईक राहत. गॅलरीत झुंबराच्या हुकाला दोरी बांधून चादरी वाळत घातलेल्या असत.

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा बातमीदार होतो. कार्यालय नव्हतं. हॉटेलच्या काउंटरवरच्या फोनवरून बातम्या सांगायचो. मॅनेजर साठीचे होते. तीस वर्षं त्याच खुर्चीवर बसत. मोबाईल फार थोड्यांकडे होता, त्यामुळे दवाखान्यातून येणारे निरोप याच फोनवर येत. काउंटरमागे एक काळी पाटी होती. निरोप तिच्यावर खडूनं लिहायचा, वर खोलीचा नंबर. मॅनेजरांचा एक नियम होता. वाईट निरोप पाटीवर लिहायचा नाही. तो सांगायला ते स्वतः जिना चढून जात आणि खोलीचं दार आतून लावून घेत.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजला. मॅनेजर मागे पाण्याच्या टाकीजवळ होते. फोन मी घेतला.

“होटेल हाये काजी? अकरा नंबरच्या जवाईबापूले सांगून द्या, बाई सुटली म्हणा. येऊन जाय म्हणा.”

मी “बरं” म्हणालो. पलीकडून फोन ठेवला गेला. मी पाटीवर लिहिलं: ११. बाई सुटली. येऊन जाणे.

अकरा नंबरमध्ये अल्लीपूरचा एक तरुण शेतकरी उतरला होता. बायकोची पहिली खेप. रक्तदाब वाढून तिला झटके आले होते. दोघांपैकी कोण वाचेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. ते त्यानं मॅनेजरांना सांगितलं होतं, मलाही. चार रात्री तो वॉर्डाबाहेर बसून होता. त्या दिवशी पहाटे बायकोच्या मामानं त्याला बळेच झोपायला पाठवलं होतं.

मॅनेजर आले. त्यांनी पाटी वाचली आणि हात जोडले.

“उठवू का त्याला?” मी विचारलं.

“काऊन उठवता? चार रातीचा जागा हाये. बातमी चांगली हाये, ते कुठी पळून चालली? झोपू द्या पोट्ट्याले.”

त्यांनी स्वयंपाकघरात शिरा टाकायला सांगितला. झाडू मारणाऱ्या बाईनं पाटी वाचून घेतली आणि वरच्या मजल्यावर सांगितली. मी माझी बातमी फोनवर सांगितली आणि तिथेच चहा घेतला.

तो दीडनंतर खाली आला. हिंगणीचे एक गृहस्थ वडिलांना दाखवायला आले होते, ते बाकावर बसले होते.

“काय जवाईबापू, पेढे कुठी हायेत?”

त्याला समजलं नाही. गृहस्थांनी पाटीकडे बोट केलं. तो पाटीजवळ गेला, वाचलं आणि तिथेच खाली बसला. मग हसला.

“दोघंही बरे हायेत ना?” त्यानं मॅनेजरांना विचारलं.

“बरे नसते तं पाटीवर लिवलं असतं का, बावा? तीस वर्षात कधी लिवलं नाई. पहिले दोन घास खाय.”

त्यानं उभ्यानं शिरा खाल्ला. “ते खाईन का हे आज?” असं त्यानं आचाऱ्याला बायकोबद्दल विचारलं. आचारी म्हणाला, “थोडा चाटव, काई होत नाई.” आणि डबा भरून दिला. तो ऑटोत बसून गेला.

तो गेल्यावर पाच-सात मिनिटांनी फोन वाजला. या वेळी मॅनेजरांनी घेतला. आवाज मोठा होता, मला काउंटरच्या अलीकडे ऐकू येत होता. सकाळचाच आवाज, बायकोच्या मामाचा.

“काऊन पाठवलं नाई त्याले अजून? सकाळीच सांगतलं ना, बाई सुटली म्हणून.”

“बाळंत झाली ना?” मॅनेजर म्हणाले.



आमच्याकडे बाळंत झालेली बाई सुटते. हाल संपून गेलेलं माणूसही सुटतं. मामाला फोनवर मेली हा शब्द उच्चारायचा नव्हता. मी एकच प्रश्न विचारायला हवा होता. तो विचारला नाही.

“मेली हो ते,” मामा म्हणाला. “सकाळीच. लेकरू जित्तं होतं. त्याले एकडाव दाखवाचं होतं. वाट पाहून राह्यलो आम्ही. आता तेही गेलं.”

मॅनेजरांनी फोन ठेवला. ओल्या फडक्यानं पाटी पुसली. ऑटो करून त्याच्या मागे जावं का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, तो पोचला असेल. दोघंही गेलो नाही.

पुढचं मला मामानं सांगितलं. त्यासाठी मी नंतर एकदा अल्लीपूरला गेलो होतो. बाई सकाळी साडेनवाच्या सुमारास गेली. मुलगी एक वाजून गेल्यावर गेली. तो पोचला तेव्हा दोघींना एकाच चादरीत ठेवलं होतं. त्याला हे वॉर्डाच्या दारात एका अनोळखी बाईनं सांगितलं. मी गेलो तेव्हा तो घरात होता. बाहेर आला नाही.

हॉटेल रिकामं करताना जुनी रजिस्टरं ओसरीत टाकली होती. त्या वर्षाचं मला सापडलं. अकरा नंबरच्या ओळीत येण्याच्या रकान्यात त्याची सही आहे. जाण्याच्या रकान्यात त्या दिवसापासून तीन दिवसांनंतरची तारीख आहे आणि सही त्याच्या थोरल्या भावाची आहे.