काठावर आलेली पिल्लं

शेवाळ कुजल्याचा वास आला की आलापल्लीजवळच्या एका गावातली ढगाळ सकाळ आठवते. बचतगटाच्या बायकांनी गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, झिंग्यांची पिल्लं वाढवायला घेतली होती आणि मी त्याची बातमी करायला गेलो होतो. पिल्लं मेली तर बोडी पुन्हा ठेकेदाराकडे जाणार होती. आदल्या संध्याकाळपासून वीज नव्हती, त्यामुळे पाण्यात हवा सोडणारं यंत्र बंद पडलं होतं. बोटाच्या पेराएवढी पिल्लं गुदमरून काठाच्या चिखलाला येऊन चिकटली होती. गटाची अध्यक्ष कमरेएवढ्या पाण्यात उतरली, तिच्यामागे बाकीच्या, आणि थाळ्यांनी, सुपांनी, हातांनी त्या पाणी बडवू लागल्या. काठावरून एक म्हातारा म्हणाला, "झिंगे पोसून राह्यल्या का कपडे धुऊन राह्यल्या?" "हसता काऊन भाऊ? हवा पायजे त्याईले. उतरा न पाण्यात!" अध्यक्षबाई म्हणाली. तो धोतर खोचून उतरला, मीही उतरलो. बऱ्याच वेळाने काठाच्या चिखलात एकही पिल्लू दिसेना. "गेले खोल पाण्यात!" कोणीतरी आनंदाने ओरडलं. अध्यक्षबाईने वाकून तळातला गाळ ओंजळीत उचलला. पिल्लं त्यात होती, पांढुरकी, निश्चल. सगळ्यांचे हात थांबले. "एकाची मिशी हालून राह्यली," ती म्हणाली आणि ओंजळ सोडून पुन्हा पाणी बडवू लागली. मग बाकीच्याही. मी तिच्या शेजारीच उभा होतो. मिशी हललेली मला दिसली नव्हती, आणि हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.