काचवाली त्सिरेल

माझी सासू त्सिरेल काचा बसवायची. बाईमाणसाचं हे काम नव्हे. पण माझे सासरे हेर्श छातीच्या दुखण्यानं गेले, तेव्हा माझा नवरा आन्शेल अजून पाळण्यात होता. सासूबाईंनी सुतक संपल्यावर नवऱ्याची लाकडी चौकट पाठीला बांधली, तिच्यात काचा उभ्या लावल्या आणि निघाल्या. आमच्या लिपोवा गावापासून नदीपलीकडच्या खेड्यांपर्यंत त्या पायी जायच्या. काच कापायची हिऱ्याची लेखणी दोरीनं गळ्यात अडकवलेली असायची. बोटांवर इतके व्रण होते की आजारी माणसाच्या कपाळावरून त्या तळहात कधी फिरवायच्या नाहीत, हाताची मागची बाजू फिरवायच्या.

आमच्या भागात काचा बसवणारे बहुतेक आमच्यासारखे ज्यूच. त्यामुळे गावात एक ठरलेली थट्टा होती. "ज्यू संध्याकाळी खिडकी फोडतो आणि सकाळी बसवायला येतो." लोक हे हसत म्हणायचे, सासूबाईही हसायच्या. मी नवी नवी सून होते, मला राग यायचा. त्या म्हणायच्या, "अगं, हसून म्हणतायत तोवर बरंय."

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी आमचा वल्हांडण सण आणि ख्रिश्चनांचा ईस्टर एकाच आठवड्यात आले. असं झालं की आमच्या गल्लीतली दारं लवकर बंद व्हायची. त्या आठवड्यात चर्चमधल्या प्रवचनांत ख्रिस्ताला कोणी मारलं हे पुन्हा पुन्हा सांगितलं जायचं, आणि प्रवचन ऐकून बाहेर पडणाऱ्यांना ते मारेकरी आमच्याच गल्लीत राहतात असं वाटायचं. पुरुष बाजारात जायचं टाळायचे. आम्ही बायका घर झाडून-पुसून या सणात निषिद्ध असलेल्या खमिराचा कण न् कण बाहेर काढायचो, आणि एक कान रस्त्याकडे ठेवायचो.

गुरुवारी सकाळी मी भांडी उकळत्या पाण्यात घालत होते. आन्शेल धावत आला. चेहरा पांढराफटक.

"चर्चची रंगीत खिडकी फुटलीय. मारियाच्या चित्राची. बार्तोश खाटीक चौकात उभा राहून सांगतोय की काचवालीनं फोडली."

सासूबाई कणीक लागलेला पाट खरवडत होत्या. त्यांनी हात पुसले. "कोणती बाजू फुटलीय?"

"आई, बाजूचं काय घेऊन बसलीस! लोक जमतायत. मागच्या दारानं माझ्या मामाकडे चल."

"मी पळाले तर मीच फोडली. आणि मग ते तुझ्या मामाचंही घर फोडतील." त्यांनी हिऱ्याची लेखणी गळ्यात घातली, डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. "तू दाराला अडसर लाव आणि घरात राहा. पुरुष दिसला की हात आधी उठतो. सूनबाई, तू चल."

मी गेले. कशी गेले ते आज सांगता येत नाही. पाय चालत होते एवढं आठवतं.

चर्चसमोर शंभरेक माणसं असतील. ओळखीचेच सगळे. कोणाकडून आम्ही दूध घ्यायचो, कोणाच्या घरची खिडकी सासूबाईंनी मागच्याच महिन्यात बसवली होती. त्या आल्या तशी वाट झाली, पण अगदी अरुंद. दोन्हीकडचे श्वास अंगावर येत होते.

"आली बघा! काम शोधत आली!"

"देवाची आईसुद्धा सोडली नाही यांनी."

एक म्हातारी ओरडली, "माझ्या आजोबांच्या वेळी साथ आली, तेव्हा विहिरीत विषही यांनीच घातलं होतं!"

बार्तोश पुढे झाला. हातात काही नव्हतं, पण बाह्या वर केलेल्या होत्या. "काय ग म्हातारे, रात्री झोप लागली का?"

"लागली. तुला लागली नाही वाटतं," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्या बाजूनं पुढे गेल्या.

चर्चच्या पायरीवर पाद्री उभे होते, आणि त्यांच्या मागे चर्चची झाडलोट करणारा, घंटा वाजवणारा ब्वाझेय. पाद्री थकलेले दिसत होते. "त्सिरेलबाई, तुम्ही इथे यायला नको होतं."

"फादर, मी काचेचं बघायला आलेय. बघू द्या, मग काय करायचं ते करा."

त्या भिंतीकडे गेल्या, गवतात गुडघे टेकून बसल्या. निळे-लाल तुकडे वेचू लागल्या. गर्दी जवळ सरकली. माझ्या पाठीत कोणाचं तरी कोपर रुतलं होतं.

"फादर, आत किती तुकडे पडलेत?"

पाद्री आत जाऊन आले. "थोडे. चार-पाच."

"बाहेर टोपलीभर आहेत. आणि वर बघा, काचा धरून ठेवणारी शिशाची पट्टी. ती बाहेर वाकलीय. बाहेरून दगड मारला असता तर आत वाकली असती." त्या उठल्या. "ही खिडकी आतून फुटलीय. माझ्याकडे चर्चची किल्ली नाही."

पाद्री हळूहळू मागे वळले. "ब्वाझेय, काल झुंबर पुसायला लांब काठी कोणी घेतली होती?"

ब्वाझेय पायरीवरच बसला. "फादर, टोक लागलं हो... सांगणारच होतो. सकाळी येऊन बघतो तर लोक म्हणत होते ज्यूंनी फोडली. मग मी... मी काहीच म्हटलं नाही."

मला वाटलं, सुटलो. पण गर्दीचे चेहरे बघून कळलं, सुटलो नव्हतो. त्यांच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखे ते बघत होते. बार्तोश म्हणाला, "बरं, ही नाही फोडली. पण आजवर बाकीच्या कोणी फोडल्या?" कोणीतरी हसलं. तीच जुनी थट्टा, पण आता त्यात हसू नव्हतं.

पाद्रींनी हात वर करून सगळ्यांना घरी जायला सांगितलं. लोक हलले, पण घरी गेले नाहीत. आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो तोच पहिला दगड आला. मग मोजता आले नाहीत. आन्शेल आम्हाला आत घ्यायला दार उघडून बाहेर आला, त्याच वेळी शेजारची खिडकी फुटली आणि काचेचा तुकडा त्याच्या डाव्या डोळ्यात गेला. गल्लीतली अकरा घरं खिडक्या फुटून उघडी पडली. शिपाई आले तेव्हा सगळं शांत होतं.

त्या वर्षी सणाचं जेवण आम्ही खिडक्यांना चादरी लावून केलं. आन्शेलच्या डोळ्यावर पट्टी होती. सासूबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. ताटातली बिनखमिराची रोटी नुसती चुरत होत्या. "मी तुला घरात राहा म्हटलं होतं," एवढंच एकदा म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. तो डोळा पुन्हा उघडला नाही.

सण संपल्यावर पाद्री स्वतः आले. खिडकी बसवायला दुसरं कोणी जवळपास नव्हतं.

आन्शेल म्हणाला, "आई, जाऊ नकोस. काही एक गरज नाही."

त्यांनी पाद्रींना विचारलं, "खिडकी कशी फुटली ते रविवारी सगळ्यांसमोर सांगाल?"

पाद्रींनी होकारार्थी मान हलवली. सांगितलंही त्यांनी. खिडकी अपघातानं फुटली, त्यात कोणाचा दोष नाही, असं. ब्वाझेयचं नाव घेतलं नाही, सासूबाईंचंही नाही.

तरीही त्या गेल्या. मी काचा उचलायला सोबत होते. शिडी धरायला ब्वाझेयला उभं केलं होतं. सासूबाई वर चढल्या तसा तो खालून पुटपुटला, "बाई, माझं चुकलं. तुमच्या पोराचा डोळा..."

"शिडी नीट धर," त्या म्हणाल्या.

नंतर नऊ वर्षं त्यांनी काम केलं. शेवटची दोन वर्षं चौकट मी वाहायचे आणि त्या फक्त कापायच्या. एका हिवाळ्यात अंगात ताप भरला आणि चार दिवसांत गेल्या. मग आम्ही लिपोवा सोडून मोठ्या शहरात आलो.

तिथल्या बाजारात एकदा अंडी विकणाऱ्या बाईनं माझी बोली ओळखली. "लिपोवाकडची का तू? तिथे म्हणे एका ज्यू बाईनं चर्चची खिडकी फोडली होती, काम मिळावं म्हणून."

"ती माझी सासू," मी म्हटलं. "तिनं फोडली नव्हती. मी तिथे होते."

बाई जराही दचकली नाही. उलट आवाज खाली करून, अगदी मैत्रिणीसारखी जवळ झुकली. "असं? मग तुला तर आतलं माहीत असेल. एकाच खिडकीसाठी एवढं धाडस, की आणखी काही होतं?"

मी टोपली उचलली आणि अंडी न घेताच घरी आले.